सोनुबाईचे जंतू

अच्युत टिपणीस मुंबईला नक्की काय करतो हे कर्जतात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, आणि ते तसंच राहावं म्हणून त्याची बायको नलिनी हिने बरेच कष्ट घेतले होते. "जंतूंवर संशोधन करतात," एवढंच ती सांगे. कुठल्या जंतूंवर असं कोणी खोदून विचारलंच, तर "सगळ्याच," म्हणून विषय लोणच्याकडे वळवी.

वस्तुस्थिती अशी होती की माणसाच्या आतड्यात जे जंतू जन्मभर बिऱ्हाड करून राहतात, कोणाचं वाईट न करता, झाला तर उपयोगच करून, त्यांच्यावर अच्युतचा प्रबंध चालला होता. विषय उदात्त होता. अडचण एकच होती. जिवंत माणसाचं आतडं उघडून आत डोकावता येत नाही. हे जंतू जिथून आपण होऊन बाहेर पडतात तिथेच त्यांना गाठावं लागतं, आणि ज्या वाहनातून ते बाहेर पडतात ते चारचौघांत नाव घेण्यासारखं नाही. गुलाबावर प्रबंध लिहिणाऱ्याच्या बायकोला लोणच्याचा आधार घ्यावा लागत नाही.

त्र्याहत्तर सालच्या थंडीत त्याचे प्रमुख डॉ. धारप यांनी त्याला बोलावलं. "टिपणीस, मुंबईकरांची पोटं पुरे झाली. औषधाची गोळी कधी न घेतलेली, घरचा तांदूळ खाणारी माणसं बघा. तुम्ही कर्जतचे ना? मग काय, जाता येता चार नमुने आणायचे. तुमच्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ मार्चमध्ये समितीपुढे येते आहे." शेवटचं वाक्य ते खिडकीबाहेर बघत बोलले, त्यावरून तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे हे अच्युतने ओळखलं.

नमुने आणणं म्हणजे काय, रविवारी सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत, असं त्याला वाटलं. पण मागायचं कोणत्या शब्दांत, हा प्रश्न उभा राहिला. भीत भीतच त्याने शेजारच्या चित्र्यांचा सल्ला घेतला. चित्रे कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला योग्य शब्द असतो, तो सापडला की काम झालं, अशी त्यांची श्रद्धा होती.

"'शौच' म्हणू नका," चित्रे बराच विचार करून म्हणाले. "शौच म्हणजे शुद्धी. तुम्हाला शुद्धी नकोय, तिच्या विरुद्ध जे असतं ते हवंय."

"मग 'विष्ठा'?"

"कीर्तनात ठीक. खेड्यातल्या माणसाला वाटेल तुम्ही नरकाचं वर्णन करताय. 'मल' म्हणा, अच्युतराव. मल. दोन अक्षरी, भारदस्त, कायद्यात बसणारा. नगरपालिकेच्या पाटीवर हाच शब्द आहे."

अच्युतला हे पटलं. नंतर आयुष्यभर त्याला या पटण्याचं आश्चर्य वाटत राहिलं.

दुसरा प्रश्न बर्फाच्या पेटीचा. आतड्यातली ही मंडळी जन्मभर अंधारात राहिलेली असते. मोकळी हवा लागली की मरते. कर्जतची हवा खायला मुंबईहून माणसं येतात, याचं तिला कौतुक नसतं. म्हणून नमुना लगेच बाटलीतल्या औषधात कालवून, घट्ट बूच लावून बर्फात ठेवावा लागे. संस्थेकडे बर्फाची पेटी मागितली तर भांडारपालाने सांगितलं की पेटी संस्थेबाहेर नेता येत नाही, आणि संस्थेच्या आत ती रिकामी ठेवली जाते. शेवटी अच्युतने नेरळच्या एका कुल्फीवाल्याची जुनी पेटी आणली. तिच्यावर 'ताजी मलाई कुल्फी' असं तांबड्या रंगात लिहिलं होतं. त्याने रविवारची दुपार घालवून 'मलाई कुल्फी' खरवडून काढलं. 'ताजी' काही केल्या निघेना.

अशा तयारीने तो कर्जतजवळच्या पोशीर गावी सरपंच बुधाजीच्या ओटीवर जाऊन बसला. बुधाजी हा ऐसपैस, तोंडाने फटकळ आणि मनाने उमदा गडी. भाताची जमीन राखून होता, आणि गावात त्याच्या शब्दाला मान होता, म्हणजे त्याच्या शब्दाला वरच्या आळीचा कान्हा सोडून कोणी विरोध करत नसे. ओटीवर दहाबारा माणसं जमली. आतल्या दारात बुधाजीची आई सोनुबाई जात्याच्या खुंट्यासारखी ताठ बसली होती. पोशीरची निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती आणि उरलेल्या निम्म्यांना याचं वाईट वाटत असे.

अच्युत उभा राहिला. "मंडळी, एका महत्त्वाच्या कामासाठी मला तुमचा मल हवा आहे."

ओटीवर सहानुभूतीची लाट पसरली.

"मलम? काय जालंय सायेब?" बुधाजीने विचारलं. "गजकरन?"

"मलम नव्हे. मल."

"लाजू नका हो. आमच्या पोशाला पन व्हता. आगं, ती डबी आन!"

आतून डबी आली. ती घेऊन पोशा नावाचा एक प्रौढ, समजूतदार माणूस अच्युतच्या शेजारी येऊन बसला आणि हलक्या आवाजात, मांड्यांच्या आत लावताना सुरवातीला झोंबतं पण घाबरायचं नाय, वगैरे सांगू लागला. अच्युतने चित्र्यांनी दिलेले आणि न दिलेले सगळे शब्द वापरून पाहिले. मग हातवारे केले. हातवारे केल्यावर मात्र बुधाजीचा चेहरा एकदम उजळला आणि त्याने, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, त्या वस्तूचं खरं मराठी नाव घेतलं.

पोशाने मलमाची डबी मिटली.

"ते कशापाई?" कोणीतरी विचारलं.

"मुंबईला खत कमी पडलं आसंल," दुसरा म्हणाला.

"खत नाय," दारातून सोनुबाई बोलली. "केस नेत्यात, नखं नेत्यात, ते म्हाईत हाय. ह्ये न्यायचं म्हंजे लय मोठी करनी हाय."

करणीचं नाव निघताच चारदोन माणसं बेताने ओटीच्या काठाकडे सरकली. आता काहीतरी बोललं पाहिजे हे जाणून अच्युतने मनापासून सांगितलं, अगदी साध्या भाषेत. माणसाच्या पोटात जिवाणू असतात, ते अन्न पचवायला मदत करतात. मुंबईच्या माणसांनी गोळ्या खाऊन खाऊन त्यांचे जिवाणू बिघडवलेत. पोशीरच्या माणसांची पोटं अजून जशी देवाने दिली तशी आहेत, आणि ती कशी आहेत ते मुंबईच्या साहेबांना बघायचंय.

बुधाजीने हे सगळं एकदा मनाशी घोळवलं. "म्हंजे पोशीरचं पोट मुंबईपरीस चांगलं, आसं सरकार म्हंतंय?"

सरकार तसं म्हणत नव्हतं. पण शिष्यवृत्तीची समिती डोळ्यांपुढे होती. "साधारण तसंच," अच्युत म्हणाला.

"मग देऊ की! गावाच्या इज्जतीची बात हाय."

पुढच्या रविवारपासून नमुने यायला लागले, आणि अच्युतच्या ध्यानात आलं की न मिळण्यापेक्षा मिळणं जास्त कठीण आहे. सरपंचाच्या आळीची पोटं मुंबईला गेली म्हटल्यावर वरच्या आळीचा कान्हा चिडला. आमची पोटं काय वाईट आहेत काय, म्हणून तो दुसऱ्याच रविवारी डालड्याचा मोठा डबा काठोकाठ भरून घेऊन आला.

"कान्हाभाव, एवढं नको. चमचाभर पुरे."

"ऱ्हाऊ द्या हो," कान्हा प्रेमाने म्हणाला. "घरचंच हाय."

ते नाकारलं तर दोन आळ्यांत डोकी फुटली असती. अच्युतने चमचाभर बाटलीत घेतलं, उरलेला डबा आदरपूर्वक हातात धरला, गावाबाहेर पडला आणि ओढ्यापलीकडे जे करायचं ते केलं. त्या ओढ्याकाठी मुंबईच्या प्रयोगशाळेची प्रतिष्ठा फार वेळ उभी होती.

एस.टी.त कंडक्टरने पेटीला सामानाचं तिकीट लागेल असं सांगितलं आणि आत काय आहे ते विचारलं.

"नमुने."

"कसले?"

"जैविक."

"म्हणजे जिवंत का मेलेले?"

अच्युतला खोटं बोलता येत नसे. "जिवंत राहिले तर बरं," तो म्हणाला.

"मग टपावर टाका. जिवंत जनावर आत चालत नाय. किती हायत?"

"नक्की मोजलेले नाहीत. काही हजार कोटी असतील."

कंडक्टरने तिकिटाचा पंच खाली केला, अच्युतकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं. पेटीवरचं तांबडं 'ताजी' वाचून त्याचा जीव भांड्यात पडला. "आइस्क्रीम हाय तर तसं सांगा की राव! थट्टा काय करताय!" त्याने तिकीट फाडलं आणि जाता जाता म्हणाला, "एक काढा बरं. घसा सुकलाय."

"संपलंय," अच्युत म्हणाला. हे त्याचं आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं. दुसरं पुढे यायचं होतं.

सगळ्यांत शेवटची बाटली सोनुबाईची. ती तयारच होत नव्हती. बुधाजीने तिला गावाच्या इज्जतीचं सांगितलं, सुनेने हात जोडले, तेव्हा कुठे एका सकाळी तिने पदराआडून बाटली अच्युतच्या हातात दिली. चमचाभर माल तिने स्वतःच औषधात नीट कालवून, बूच लावून आणला होता. चेहरा भिंतीकडे. "ने आता. आन परत मागू नको."

त्या बाटलीने प्रयोगशाळेत गोंधळ केला. कोणत्या जंतूंना वनस्पतीचे धागे पचवता येतात ते पाहण्यासाठी काचेच्या नळीत टिपकागदाची पट्टी ठेवत आणि नमुन्याचा थेंब सोडत. माणसाच्या नमुन्यात पट्टी बहुतेक जशीच्या तशी राहते, कडा कुरतडली तर कुरतडली. सोनुबाईच्या नळीतली पट्टी नाहीशी झाली. अच्युतने पुन्हा पट्टी घातली, तीही गेली. जंतू डब्यातल्या भाकरीला मुंग्या लागाव्यात तसे कागदाला लागत होते.

धारप साहेबांनी नळी उजेडात धरली. "असे जंतू कुठे असतात, टिपणीस?"

"गुराढोरांच्या पोटात, सर."

"आणि हे?"

"हे... सोनुबाईच्या पोटात."

धारप खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. दुष्काळाचे दिवस होते. रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी मिळत होती आणि तीही मिळत नव्हती. "एका बाईला पेंढा पचतो," धारप हळूच म्हणाले. "उद्या हे जंतू सगळ्यांच्या पोटात सोडले तर?"

"सर, आधी दुसरा नमुना घेऊन खात्री करू."

"अर्थात. खात्री केलीच पाहिजे. आधी मंत्रालयात कळवतो, मग करू."

अच्युतच्या मनात शंका नव्हती असं नाही. पण शंका बोलून दाखवायला तोंड उघडलं की धारप 'मुदतवाढ' म्हणत आणि तोंड मिटे. दोन वर्षं नलिनी एका शिष्यवृत्तीवर घर चालवत होती. माणसाने शंका घ्यावी, पण परवडेल तेवढीच.

मग ती बातमी कोणीतरी वर्तमानपत्रात पोचवली. 'पोशीरच्या वृद्धेस पेंढा पचतो: कर्जतच्या संशोधकाचा शोध.' खाली, संशोधकाने हा शोध कशाच्या तपासणीतून लावला, तेही बातमीदाराने चित्र्यांच्या पसंतीच्या दोन अक्षरी शब्दात छापलं होतं.

कर्जतात हे वाचायला एक सकाळ पुरली. भाजीवालीने नलिनीला पालेभाजी देताना तिचा हात लागू नये अशी काळजी घेतली. दळण घ्यायला ती गेली तर बायकांची बोलणी बंद पडली. शेजारच्या आळीतल्या हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दारावरून सरळ पुढे गेलं.  नलिनीने जेवताना अच्युतला फक्त विचारलं, "गुलाबावर काही करता आलं नसतं का?"

चित्रे मात्र खूश होते. "शब्द बरोबर बसला, बघा," ते म्हणाले.

पोशीरात याहून वाईट चाललं होतं. शेलूहून बुधाजीचे व्याही आले, ओटीवर बसले, पाणी न पिता म्हणाले, "सरपंच, पेपरात आलंय. म्हातारीला पेंढा घालता म्हनं."

"कोन घालतो?"

"सरकार म्हंतंय. घरात भात नसंल तर सांगायचं व्हतं. आमी धाडला आसता."

बुधाजीच्या घरात भाताच्या कणग्या अढ्याला टेकल्या होत्या. त्या दिवसापासून बुधाजी गावात हिंडायचा बंद झाला. कान्हा वरच्या आळीतून येता जाता मुद्दाम वाट वाकडी करून ओटीसमोर थांबे आणि गोठ्याकडे बघून म्हणे, "काय म्हातारे, जेवलीस का?"

अशा वेळी गावात जीप आली. जीपमध्ये धारप साहेब, अन्न खात्याचे एक उपसचिव, अच्युत, आणि कायद्याची बाजू सांभाळण्यासाठी आपण होऊन आलेले चित्रे असे होते. उपसचिव काळजीपूर्वक बोलणारे गृहस्थ होते.

"पेंढा भाताचा की नागलीचा?" त्यांनी वाटेत विचारलं होतं.

"तसा फरक पडत नाही," धारप म्हणाले.

"फरक पडतो. नागलीचा पेंढा पशुसंवर्धन खात्याकडे येतो. तो माणसांना वाटायचा तर खात्याखात्यांत पत्रव्यवहार करावा लागेल."

त्यांनी सोबत स्टीलचा डबा आणला होता. मुंबईत कोणीतरी पेंढा कुटून, उकडून, गूळ घालून त्याची लापशी केली होती. ती सोनुबाईने सर्वांसमक्ष खावी आणि नंतर काय होतं ते बघावं, असा कार्यक्रम होता.

ओटीवर सारा गाव लोटला होता. वरच्या आळीचे लोक पुढे बसले होते. बुधाजी खांबाला टेकून उभा, डोळे लाल. "बगा सायेब," तो अच्युतला म्हणाला, "तुमी मानूस भले म्हनून गप हाय. माजी आय हाय ती. तिच्या म्होरं पेंढा ठेवता?"

 उपसचिवांनी डबा उघडला. सोनुबाईने डब्यात पाहिलं, मग उपसचिवांकडे, मग अच्युतकडे. "बाबा, जरा आत ये," ती म्हणाली आणि उठून माजघरात गेली.

आत कणगीच्या आडोशाला ती उभी राहिली. ताठ होती, पण हाताने पदराचं टोक पिळत होती.

"ते माजं नव्हतं."

"काय?"

"बाटलीतलं. म्हशीचं व्हतं."

अच्युत कणगीला टेकला. पट्ट्या, नळ्या, मंत्रालय, जीप, लापशी, सगळं एका ओळीत त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्या ओळीच्या शेवटी म्हैस रवंथ करत उभी होती.

"आजी, असं का केलंत?"

"का म्हंजे?" सोनुबाईचा आवाज चढला आणि लगेच बाहेरच्या माणसांच्या भयाने खाली आला. "आरं, मी गावाची बाळंतपनं केली. लोकांचं सगळं बगितलं, पन माजं कुनी कदी काय बगितलं नाय. बुदाजीचा बाप गेला, त्यानं पन माजं डोकं उगडं बगितलं नाय. आन तुज्या सायबानं ते काचंत घालून, उजेडात धरून बगायचं? मी म्हनलं, त्याला शेन काय आन काय, काय कळतंय! आता भायेर सांग जा. सांग, म्हातारी लबाड हाय." आणि मग अगदी बारीक आवाजात, "पन बुदाजीला तोंड दाकवाया जागा ऱ्हानार नाय."

अच्युतला तिचा राग आला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. गेले काही दिवस नलिनी दळण घेऊन मान खाली घालून घरी येत होती. आपलं जे चार भिंतींत असावं ते बाहेर उजेडात धरलं गेलं की माणसाचं काय होतं, ते त्याने घरीच पाहिलं होतं. मुदतवाढ मात्र गेली, हेही त्याला तितकंच स्पष्ट दिसलं. तो जरा वेळ तिथे थांबला. एवढा मोठा तोटा सोसायला निघालेल्या माणसाने थोडं थांबणं रास्त आहे.

मग तो बाहेर आला. "सर, चूक माझी आहे," तो मोठ्याने म्हणाला. "तुलनेसाठी मी त्याच दिवशी म्हशीच्या शेणाचाही नमुना घेतला होता. बाटल्यांच्या चिठ्ठ्या माझ्या हातून उलटसुलट लागल्या. या आजींचा काही संबंध नाही."

धारप साहेबांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग पांढरा, मग कुठल्याच रंगाचा राहिला नाही.

उपसचिवांनी डब्याचं झाकण हळूच लावलं. "म्हणजे पेंढा बाईंना पचत नाही."

"नाही."

"म्हशीला पचतो."

"होय."

"ते खात्याला ठाऊक आहे," उपसचिव म्हणाले आणि जीपकडे चालू लागले.

ओटीवर एकदम कल्ला झाला. बुधाजी खांब सोडून पुढे आला. "आयका रं! माजी आय भात खाते! कोलम खाते! सरकारनं सांगितलं!" वरच्या आळीचा कान्हा काहीतरी पुटपुटत उठला. मग सगळा गाव अच्युतकडे बघून हसू लागला, अगदी मोकळेपणाने, कारण माणसाच्या आणि म्हशीच्या मालात फरक न कळणारा शिकलेला माणूस पोशीरने पहिल्यांदाच पाहिला होता. पोशाने त्याच्या पाठीवर हात ठेवून, व्हतं आसं, असं म्हटलं. चित्रे तर जीपमध्ये बसेपर्यंत समजावत होते की 'मल' हा शब्द दोघांनाही लागू पडतो, त्यामुळे कायद्याने चूक झालेलीच नाही.

सोनुबाई दारात होती. ती हसली नाही.

वर्तमानपत्राने दुरुस्ती छापली: 'पेंढा म्हशीला पचतो.' कर्जतने ती कापून ठेवली.

घरी येऊन अच्युतने खरी हकिगत फक्त नलिनीला सांगितली. ती ऐकून घेत होती तेवढ्यात हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्या बाई साखर मागायला म्हणून, पण प्रत्यक्षात माहिती काढायला आल्या. "तुमचे हे म्हणे लोकांचं ते बघतात?" त्यांनी वाटी पुढे करत विचारलं.

"हो, तेच बघतात," नलिनी म्हणाली. वाटीत साखर घातली, बोटाने सपाट केली. "तुमचंही पाठवा. मी सांगते त्यांना, आधी बघायला."

बाई वाटी घेऊन गेल्या. त्यानंतर कर्जतात नलिनीला हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मुदतवाढीचं काय झालं, हे सांगायला हवं. अच्युतला काढायचं तर का काढलं हे लेखी कळवावं लागलं असतं, आणि ते कळवायचं तर धारप साहेबांनी मंत्रालयाला आधी काय कळवलं तेही सोबत जोडावं लागलं असतं. म्हणून त्याला ठेवून घेण्यात आलं. फक्त हुकूम निघाला की पोशीरचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करावं, आणि प्रत्येक नमुना त्याच व्यक्तीचा असल्याबद्दल साक्षीदाराची सही असावी.

अच्युत तलाठ्याकडे गेला. तलाठ्याने हुकूम वाचला. "माझ्या समक्ष, असं लिहिलंय यात."

"हो."

"समक्ष म्हणजे मी तिथे पाहिजे."

"नियमाने, हो."

"भल्या पहाटे, शेताच्या बांधावर."

अच्युतने भिंतीवरच्या गावनकाशाकडे पाहिलं.

"टिपणीस साहेब, मी पाहिल्याशिवाय सही करत नाही," तलाठी म्हणाला, "आणि मी पाहणार नाही." त्याने हुकूम परत दिला. चित्र्यांनी 'माझ्या समक्ष' ऐवजी 'माझ्या सद्‌सद्विवेकबुद्धीस अनुसरून' असा शब्द सुचवला. तो तलाठ्याने पुरा वाचूनही घेतला नाही.

शाळेचे मास्तर, पोस्टमन, भजनी मंडळाचे बुवा, सगळ्यांनी नकार दिला. अच्युत बुधाजीच्या ओटीवर डोक्याला हात लावून बसला असताना आतून सोनुबाई बाहेर आली.

"अंगठा चालंल का रं?"

"कोणाचा, आजी?"

"माजा. ह्या गावात जो तो माज्या हातावर पडलाय. कुनाला माजी लाज नाय, मला कुनाची नाय. बसते मी बांदावर." मग थोडं थांबून, "माजं मात्र मागायचं नाय."

"नाही मागणार."

अच्युतने मुंबईला जाऊन साक्षीदाराचं नाव सांगितलं. धारप साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तीच बाई? खात्रीची आहे ना?"

"सर," अच्युत म्हणाला, "बाटलीत काय जातंय याची तिच्याइतकी काळजी घेणारं माणूस मी पाहिलेलं नाही."

पुढच्या रविवारी पोशीरच्या बांधावर सोनुबाई घोंगडी अंथरून बसली. एका बाजूला शाईचं पॅड, दुसऱ्या बाजूला बाटल्या, शेजारी अच्युत. धुक्यातून एकेक माणूस येई, खाली मान घालून बाटली देई. सोनुबाई बाटली हातात फिरवी, माणसाकडे बघे, मग बाटलीकडे बघे आणि अंगठा उठवी. काम झपाट्याने चाललं होतं. दोन वर्षांत अच्युतचं काम इतकं सुरळीत कधीच चाललं नव्हतं.

कान्हा आला. त्याने बाटली पुढे केली आणि दुसरीकडे पाहू लागला.

सोनुबाईने बाटली उजेडात धरली. बूच काढलं नाही. नुसतं तिरपं करून पाहिलं आणि परत त्याच्या हातात दिली.

"कान्ह्या, ह्ये तुजं नाय. बैलाचं हाय. ने मागं."

कान्हा चपापला. "तुला कसं गं कळलं, म्हातारे?"

सोनुबाईने पदर सारखा केला.

"कळतं," ती म्हणाली.

अच्युतने मान वर न करता पुढच्या बाटलीला चिठ्ठी लावली.